जुनी गाडी, जमिनीवरचे डाग आणि तुमचे प्रश्न

मागच्या वेळी म्हटलं होतं की जुन्या गाडीच्या ऑइल गळतीबद्दल आणि ऑइल-पाणी बदलण्याबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, आणि तुम्ही भरभरून लिहिलंत. सगळी पत्रं इथे मावणार नाहीत म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. एक गोष्ट मात्र सगळ्या पत्रांत दिसली, गाडी दहा-पंधरा-अठरा वर्षांची आहे, घरातली पोरं तिच्याच मागच्या सीटवर झोपत मोठी झालीत आणि ती काढून टाकायची कोणाचीच इच्छा नाहीये. मला हे वाचून फार बरं वाटलं. चला, सुरू करू.

प्रश्न : दादा, आमची सात सीटर पेट्रोल गाडी सतरा वर्षांची आहे. रोज सकाळी इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली तळहाताएवढा ऑइलचा डाग असतो. मेकॅनिक म्हणाला मागचं क्रँक सील, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या मागच्या टोकाचं रबरी सील, गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. एवढं मोठं काम काढू का?

आधी जरा थांबा. कदाचित तो बरोबरही असेल, पण नुसता डाग बघून हे कोणालाच सांगता येत नाही, मलाही नाही.

ऑइल कुठूनही निघालं तरी ते खालीच येणार, आणि गाडी चालू असताना समोरून येणारा वारा त्याला मागे ढकलतो. इंजिन-गिअरबॉक्सचा जोड हा खालचा भाग, त्यामुळे वर कुठेही गळलं तरी थेंब बऱ्याचदा तिथूनच टपकतो. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या सगळ्यात वरच्या झाकणाच्या, पॅकिंगचा मागचा कोपरा, ऑइल प्रेशरचा स्विच, जुन्या इंजिनात डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी असलेली ओ-रिंग, काही इंजिनांत कॅमशाफ्टच्या मागच्या टोकाला बसवलेली बूच, यातलं काहीही गळलं की ते ओघळत मागून खाली येतं आणि बघणाऱ्याला वाटतं सीलच गेलं.

मी शिकत होतो तेव्हा हीच चूक केलीय. दोन दिवस खपून गिअरबॉक्स उतरवला, नवीन सील घातलं, सगळं परत चढवलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी डाग तिथल्या तिथे. गळत होता ऑइल प्रेशरचा स्विच, त्याच्या वायर लावायच्या प्लास्टिकमधून ऑइल झिरपत होतं, बदलायला पंधरा मिनिटं लागली. त्या गाडीच्या मालकांचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून धुतल्याशिवाय आणि डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी गळतीचं एकही काम हातात घेतलेलं नाही.

तर करायचं असं. इंजिन पूर्ण थंड असताना अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर, हवेचं फिल्टर आणि उघडी कनेक्शनं प्लास्टिकच्या पिशवीने झाका, डिग्रीझर मारा, दहा मिनिटं मुरू द्या, ब्रशने घासा आणि हलक्या पाण्याने धुवा, जोराचं प्रेशर नको कारण पाणी कनेक्टरमध्ये शिरतं. सगळं नीट वाळू द्या आणि पिशव्या काढल्याशिवाय चावी फिरवू नका. मग इंजिन पंधरा मिनिटं जागेवर चालवा, बंद करा आणि टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बघा. काही दिसलं नाही तर वीस-तीस किलोमीटर फिरवून आणा आणि पुन्हा बघा. खालून नाही, वरून बघत या. सगळ्यात उंच जिथे ओलं दिसेल तिथे गळतीचा उगम. खाली कितीही भिजलेलं असू दे, तिकडे आत्ता लक्ष देऊ नका.

पाझर बारीक असेल आणि नजरेला सापडत नसेल तर धुवून वाळवलेल्या भागावर टाल्कम पावडर भुरभुरा, ऑइल जिथून फुटतं तिथे पावडरीत काळी रेघ उमटते. याहून पक्की पद्धत म्हणजे ऑइलमध्ये टाकायचा चमकणारा डाय, तो टाकून थोडी गाडी चालवायची आणि अंधारात निळ्या-जांभळ्या यूव्ही टॉर्चने बघायचं, गळती हिरवी-पिवळी चमकते. आणि रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा टाकून ठेवा, त्यावर चाकांच्या खुणा करा, म्हणजे थेंब नेमका कशाच्या खाली पडतो आणि रोज किती पडतो हे कळतं.

पुठ्ठ्यावरचा रंग पण बरंच सांगतो. तपकिरी ते काळं म्हणजे इंजिन ऑइल. लालसर पातळ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं किंवा पॉवर स्टीअरिंगचं. घट्ट आणि गंधकासारखा उग्र वास म्हणजे गिअर ऑइल. हिरवं, गुलाबी, निळं आणि गोडसर वास म्हणजे कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला किंवा ब्रेक पेडलच्या वर पारदर्शक, पिवळसर, बोटाला निसरडं लागणारं काही दिसलं तर ते ब्रेक ऑइल, आणि मग गाडी तिथेच उभी करायची. एसी चालवल्यावर पडणारं स्वच्छ पाणी हे पाणीच, त्याची चिंता नको.

एवढं करून वरचं सगळं कोरडं राहिलं आणि गिअरबॉक्सच्या घंटीच्या, म्हणजे क्लच झाकणाऱ्या पुढच्या घंटीसारख्या भागाच्या, तळाशी असलेल्या भोकातूनच ऑइल येत असेल, तर मग सील. तेव्हाही त्याचा वास घेऊन बघा, इंजिन ऑइल आहे की गिअर ऑइल, कारण गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं सीलही तिथेच गळतं. आणि गिअरबॉक्स उतरवायचाच असेल तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि दोन्ही सील एकदाच बघून घ्या, तेवढ्यासाठी पुन्हा सगळं उतरवणं परवडत नाही.

बऱ्याच जणांनी विचारलंय की किती गळलं तर घाई करायची. मी तीन भाग करतो. ओलसर दिसतं पण थेंब पडत नाही तो पाझर, लक्ष ठेवा, दर पंधरा दिवसांनी ऑइलची पातळी मोजायची पट्टी बघा. रोज थेंब पडतो तर काम ठरवून करा. धार लागली किंवा दोन दिवसांत पट्टीवरची पातळी खाली गेली तर गाडी चालवायचीच नाही. मात्र दोन ठिकाणी थोड्याशा गळतीलाही सूट नाही, एक म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांवर, पडणारं ऑइल, जळका वास आणि बॉनेटमधून धूर येतो तो याचाच आणि त्याने आग लागू शकते, आणि दुसरं टायमिंग बेल्टवर पडणारं, कारण ऑइलने रबर फुगतं, मऊ पडतं आणि बेल्ट तुटला तर पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात.

प्रश्न : टॅपेट कव्हरचं पॅकिंग मी घरीच बदललं. बोल्ट चांगले गच्च आवळले, वरून सिलिकॉनही भरपूर लावलं. महिन्याभरात पुन्हा गळायला लागलं. पॅकिंग खराब निघालं का?

पॅकिंगला दोष देऊ नका. गच्च आवळणं आणि भरपूर सिलिकॉन, गळती परत येते ती याच दोन गोष्टींमुळे, आणि तुम्ही दोन्ही मनापासून केल्यात. वाईट वाटून घेऊ नका, जवळपास प्रत्येक जण पहिल्यांदा असंच करतो.

टॅपेट कव्हरचे बोल्ट बारीक असतात, सहा मिलिमीटरचे, आणि बहुतेक गाड्यांत त्यांना ८ ते १० न्यूटन मीटर एवढाच टॉर्क लागतो. म्हणजे छोटा रॅचेट घेऊन फक्त मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. जास्त आवळलं की रबर दबून बाहेर सरकतं, पत्र्याचं कव्हर असेल तर बोल्टच्या जागी खड्डा पडतो आणि दोन बोल्टच्या मधे फट राहते, आणि अॅल्युमिनिअमच्या हेडचे आटे गेले तर मग काम खरंच वाढतं. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा आणि शक्य असेल तर टॉर्क रेंच वापरा.

ट्यूबमधल्या सिलिकॉन सीलंटचं म्हणाल तर रबरी पॅकिंगला ते सगळीकडे लागतच नाही. लागतं ते फक्त जिथे सपाट पृष्ठभाग तुटतो तिथे, म्हणजे टायमिंग कव्हर आणि हेडचा जोड, किंवा कॅमच्या अर्धगोल कॅपचे कोपरे, तिथे शेंगदाण्याएवढा नाही, त्याहून छोटा ठिपका. भरपूर लावलं की दाबल्यावर अर्धं आत सरकतं, पुढे तुकडे सुटतात, ऑइलबरोबर चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, जातात आणि पंपाच्या जाळीवर बसतात. जाळी बुजली की ऑइलचं प्रेशर पडतं आणि बेअरिंगं जातात. मी अशा जाळ्या हाताने साफ केल्यात म्हणून हे जीव तोडून सांगतोय.

आता परत उघडा. जुनं सिलिकॉन प्लास्टिकच्या खरवडणीने काढा, अॅल्युमिनिअमवर लोखंडी पातं चालवू नका, ओरखडा पडला की तीच नवी वाट होते. उघड्या हेडमध्ये कचरा पडू नये म्हणून स्वच्छ फडकं पसरून ठेवा आणि बंद करताना ते आठवणीने काढा. दोन्ही पृष्ठभाग ब्रेक क्लीनर लावलेल्या कापडाने पुसून अगदी कोरडे करा. कव्हर सरळ आहे का हे स्टीलची पट्टी ठेवून बघा. बोल्टच्या खालचे रबरी वायसरही बदला, ते कडक झालेले असले तर नवीन पॅकिंग दाबलंच जात नाही. बोल्ट आधी सगळे हाताने लावा, मग मधून बाहेर जात दोन फेऱ्यांत आवळा. सिलिकॉन लावलं असेल तर पाकिटावर लिहिलेल्या वेळेपर्यंत गाडी सुरू करू नका, पूर्ण वाळायला साधारण २४ तास धरा. प्लगच्या नळ्यांची गोल सीलं पण याच वेळी बदला, ती गेली की प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचतं आणि गाडी मिस मारायला लागते.

आणि एक, हे फार कमी लोक बघतात. पीसीव्ही व्हॉल्व्ह. पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस नेहमीच खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या खालच्या भागात, निसटतो, तो या व्हॉल्व्हमधून परत इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेत, ओढला जातो. व्हॉल्व्ह किंवा त्याची नळी काजळीने बुजली तर आत दाब साठतो आणि तो दाब जिथे कमजोर जागा सापडेल तिथून ऑइल बाहेर ढकलतो. तुम्ही एक पॅकिंग बदलाल, महिन्याने दुसरं गळेल. बऱ्याच गाड्यांत हा व्हॉल्व्ह काढून हलवला तर आत खुळखुळ आवाज यायला हवा, आवाज नाही आला तर बदला. इंजिन जागेवर चालू असताना ऑइलचं झाकण काढून तोंडावर पातळ कागद ठेवा, पेट्रोल गाडीत तो हलकासा ओढला गेला तर बरं, फडफडत उडाला तर दाब आहे, मग एकतर हा रस्ता बुजलाय किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. पाच-सहा जणांनी लिहिलंय की एकामागून एक सगळीच सीलं गळतायत, त्या सगळ्यांनी आधी हे बघा.

प्रश्न : जाड ऑइल टाकलं की गळती थांबते असं सगळे सांगतात. १०डब्ल्यू-३० ऐवजी २०डब्ल्यू-५० टाकू का? आणि ते गळती बंद करणारं औषध मिळतं ते कसं?

जाड ऑइलने थेंब कमी होतात, बंद होत नाहीत. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतलं वागणं सांगतो आणि नंतरचा आकडा इंजिन गरम असताना, म्हणजे १०० अंशाला ऑइल किती घट्ट राहतं ते. इंजिनाला सगळ्यात जास्त झीज थंड स्टार्टला होते आणि तेव्हा जाड ऑइल वर कॅमपर्यंत पोचायलाच वेळ लावतं. गळतीचे चार थेंब वाचवून आतलं इंजिन झिजवायचं हे मला पटत नाही. मॅन्युअलमध्ये तुमच्या हवामानासाठी एकाहून जास्त ग्रेड दिलेले असतात, त्यातलं जाडातलं जाड घ्यायला हरकत नाही, त्याच्या बाहेर जाऊ नका.

जास्त किलोमीटर झालेल्या गाड्यांसाठी वेगळं ऑइल मिळतं, त्यात रबर मऊ करणारे, किंचित फुगवणारे घटक असतात. सील फक्त कडक झालं असेल तर काही शे किलोमीटरनंतर पाझर कमी होताना मी बघितलंय. बाटलीतलं औषधही साधारण याच तत्त्वावर चालतं. पण चिरलेलं सील, झिजलेला शाफ्ट, वाकलेलं कव्हर यांना औषध नाही. त्यामुळे पाझर असेल आणि मोठं काम सहा महिने पुढे ढकलायचं असेल तर ठीक, नाहीतर नको. ब्रेक ऑइलमध्ये मात्र असलं काहीही, कधीही टाकू नका.

प्रश्न : काका, माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे, तिला गाडीचं ऑइल स्वतः बदलायला शिकायचंय. मी लहानपणी वडिलांबरोबर करायचो पण आता सगळं आठवत नाही. कुठे चूक होऊ शकते तेवढं सांगा.

किती छान. नक्की शिकवा, तिलाच पाना धरू द्या आणि तुम्ही शेजारी बसा.

सगळ्यात आधी गाडी सपाट आणि कडक जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना ठोकळे, आणि जॅकने उचलली की खाली घोड्या, म्हणजे गाडीचं वजन पेलणारे लोखंडी स्टँड, लावायच्याच. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, एक मिनिटासाठी सुद्धा नाही, कोणी कितीही घाई केली तरी नाही. घोड्या लावल्यावर गाडी हाताने हलवून बघा, मगच खाली जा.

ऑइल कोमट असावं, उकळतं नको. पाचेक मिनिटं इंजिन चालवलं की पुरतं. हातमोजे घाला, वापरलेलं ऑइल कातडीला चांगलं नसतं, त्यातल्या काही घटकांनी सततच्या संपर्कात कॅन्सरचा धोका असतो, आमच्या पिढीने हे फार हलक्यात घेतलं. वरचं झाकण आधी उघडून ठेवा म्हणजे ऑइल एकसारखं पडतं. ड्रेन बोल्ट सोडवताना षटकोनी सॉकेट वापरा, बारा कोनी पान्याने जुन्या बोल्टचे कोपरे गोल होतात.

आता ज्या दोन ठिकाणी लोक फसतात ती. एक, फिल्टर काढल्यावर जुनी रबरी रिंग फिल्टरबरोबर आलीय का ते बोट फिरवून बघायचं. ती इंजिनाला चिकटून राहिली आणि तुम्ही नवीन फिल्टर त्यावरच बसवला तर दोन रिंगा एकावर एक येतात, गाडी सुरू केल्यावर प्रेशरने एक सटकते आणि मिनिटाभरात सगळं ऑइल जमिनीवर. नवीन रिंगेला बोटाने ऑइल लावा आणि फिल्टर टेकल्यावर हाताने पाऊण फेरी, पाना लागत नाही.

दुसरं, ड्रेन बोल्ट. त्याचा तांब्याचा किंवा अॅल्युमिनिअमचा वायसर दर वेळी नवीन, कारण तो एकदा दबला की त्याचं काम झालं. बोल्ट हाताने लावायचा, आधी उलटा फिरवून आटा टक् करून बसला की मग सुलटा, तीन-चार फेऱ्या बोटांनीच गेल्या पाहिजेत. अडतोय म्हणजे वाकडा लागलाय, काढा आणि परत लावा. पाना फक्त शेवटी. बऱ्याच गाड्यांत २५ ते ४० न्यूटन मीटर असतं, मॅन्युअल बघा. चेंबर अॅल्युमिनिअमचं असेल तर आटे जायला जास्तीचा अर्धा फेरा पुरतो. आटे गेलेच असतील तर टेफलॉन टेप गुंडाळून दिवस काढू नका, आट्यांत नवीन इन्सर्ट बसवून घ्या किंवा चेंबर बदला.

भरताना मॅन्युअलमधल्या मापापेक्षा थोडं कमी टाका, इंजिन मिनिटभर चालवा, बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, मग पट्टी बघा आणि उरलेलं भरा. कमी नको तसं जास्तही नको. पातळी फार वर गेली की क्रँक ऑइलमध्ये फिरून फेस करतो, फेसाने प्रेशर मिळत नाही आणि सीलांवर ताण येतो. आणि एका वहीत तारीख, किलोमीटर आणि ऑइलचा ग्रेड तिच्याच हाताने लिहून घ्या. डिझेल गाडी असेल तर नवीन ऑइल काही दिवसांतच काळं होईल, घाबरू नका, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

प्रश्न : ब्रेक ऑइल कमी झालं की मी वरून भरतो. दहा वर्षांत पूर्ण बदललेलं नाही. ब्रेक नीट लागतात. गरज आहे का?

आहे, आणि या महिन्यातच. एवढ्या पत्रांत मला सगळ्यात जास्त काळजी तुमच्या पत्राने वाटली.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, बंद डब्यात, रबरी नळ्यांतूनसुद्धा, हळूहळू. डॉट हा ब्रेक ऑइलचा दर्जा. डॉट ४ नवीन असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी गेलं की हीच मर्यादा १५५ अंशांवर येऊ शकते. डॉट ३ मध्ये हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. घाट उतरताना ब्रेक सतत दाबले की चाकाजवळ पॅड दाबणारा कॅलिपर तापतो, ऑइल उकळतं, वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ खाली जातं. रोजच्या गावातल्या फेरीत हे कधीच कळत नाही. तुम्ही ज्या दिवशी सगळ्यांना घेऊन उतारावर असाल त्या दिवशी कळतं. शिवाय ते पाणी आतून सिलेंडर गंजवतं. म्हणून दोन वर्षांनी बदलायचं, गाडी कमी चालली तरी.

आणि पातळी कमी का झाली हे तुम्ही बघितलंत का? पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतात आणि डब्यातली पातळी तेवढी उतरते, ते साहजिक आहे, पॅड बदलले की ती परत वर येते. पॅड ठीक असूनही कमी होत असेल तर कुठेतरी गळतंय, चाकांच्या आत, मास्टर सिलेंडरच्या, म्हणजे पेडलने ऑइल दाबणाऱ्या मुख्य पंपाच्या, मागे बूस्टरच्या बाजूला बघा.

बदलताना झाकणावर लिहिलेला डॉटच वापरा. डॉट ३, ४ आणि ५.१ एकाच कुळातले, डॉट ५ मात्र सिलिकॉनचं आहे, ते यांच्यात मिसळायचं नाही. नावं सारखी आहेत म्हणून दोनदा वाचा. बाटली सीलबंद नवीन हवी, कपाटात उघडी पडलेली नको. हवा काढताना बऱ्याच गाड्यांत मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, पण तुमच्या गाडीचा क्रम मॅन्युअलमधून घ्या. जुन्या गाडीत पेडल पार जमिनीपर्यंत दाबू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा, कारण मास्टर सिलेंडरचं सील एरवी जिथे जात नाही त्या गंजलेल्या भागावरून घासतं आणि फाटतं. डबा मधेच रिकामा होऊ देऊ नका. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतो. पहिल्यांदाच करत असाल तर जाणकार शेजारी हवाच, ब्रेकचं काम एकट्याने शिकायचं नसतं.

प्रश्न : रेडिएटरमधलं पाणी गंजाच्या रंगाचं झालंय. नुसतं पाणी टाकत आलोय. आता कूलंट टाकलं तर चालेल का?

चालेल, पण आधी धुवून घ्या. इंजिन पूर्ण थंड, तेव्हाच झाकण उघडायचं. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर आतलं दाबाखालचं पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. खालून सोडून द्या, साधं पाणी भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन तापवा, थंड होऊ द्या, परत सोडा, असं पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं, किंवा तयार मिसळलेलं मिळतं ते. रंगावरून कूलंट निवडू नका, रंगांचा काही एकच नियम नाही, मॅन्युअलमधला प्रकार बघा आणि दोन प्रकार मिसळू नका. भरताना हीटर चालू ठेवून आतली हवा निघू द्या आणि दुसऱ्या दिवशी थंड असताना पातळी परत बघा. एवढ्या वर्षांच्या गंजानंतर नळ्या आणि झाकण पण बघा, झाकणाची स्प्रिंग ढिली पडली तरी गाडी तापते.

काढलेलं कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नका. ते गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि ते विषारी आहे, लहान मुलांनाही.

प्रश्न : गिअर ऑइल घरी बदलायचंय, मॅन्युअल गिअरबॉक्स आहे. काही विशेष?

एकच, पण ते विसरू नका. खालचा ड्रेन बोल्ट सोडायच्या आधी वरचा भरायचा बोल्ट सोडून बघा. वर्षानुवर्षं न उघडलेला तो बोल्ट गंजून अडकलेला असू शकतो. तुम्ही खालून सगळं ऑइल सोडलं आणि वरचा निघालाच नाही तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. वरचा निघाला की मगच खालचा. भरताना त्या भोकाच्या काठापर्यंत, ओघळायला लागलं की पुरे, फक्त गाडी समपातळीत असू द्या. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर बारीक राखाडी लगदा असणारच, तुकडे किंवा दाताची कपची असेल तर मात्र गिअरबॉक्स उघडून बघावा लागेल. आणि मॅन्युअलमध्ये गिअर ऑइलचा दर्जा जीएल-४ सांगितला असेल तर जीएल-५ टाकू नका, आकडा मोठा म्हणून ते चांगलं असं नसतं, त्यातले जास्तीचे गंधकाचे घटक जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना, म्हणजे गिअर अलगद पाडणाऱ्या रिंगांना, खाऊ शकतात.

प्रश्न : ऑटोमॅटिक गाडी आहे, दीड लाख किलोमीटर झाले, गिअरबॉक्सचं ऑइल कधीच बदललं नाही. आता बदललं तर गिअरबॉक्स जातो म्हणतात. खरं का?

गिअर आत्ता नीट पडत असतील तर साधं सोडून भरा, मशीन लावून दाबाने फ्लश करू नका. चेंबर सोडल्यावर बरंचसं जुनं ऑइल टॉर्क कन्व्हर्टरमध्येच, म्हणजे ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो त्या भागातच, राहतं, त्यामुळे एका वेळी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं बदलतं, काही हजार किलोमीटरनंतर परत एकदा करा, असं दोन-तीनदा. जितकं निघालं तितकंच मोजून भरा आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेलाच प्रकार भरा, लाल दिसतं म्हणून कुठलंही नको. निघालेलं ऑइल काळं, जळक्या वासाचं असेल आणि गिअर आधीच घसरत असेल तर आतल्या प्लेटा गेल्यात, तिथे ऑइल बदलून उपयोग नाही आणि नंतर बंद पडला तर लोक ऑइलला दोष देतात. तुमच्या पत्रात घसरण्याचा उल्लेख नाही, म्हणून मी आशा धरून आहे.

प्रश्न : काढलेल्या काळ्या ऑइलचं काय करायचं?

ज्या डब्यातून नवीन आणलं त्याच डब्यात भरा, झाकण घट्ट लावा, वर "जुनं ऑइल" लिहा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्यांकडे द्या, ते शुद्ध करून परत वापरात येतं. त्यात कूलंट, पेट्रोल, ब्रेक ऑइल मिसळू नका, मिसळलं की ते शुद्ध करणं अवघड होतं. फिल्टर उलटा ठेवून रात्रभर निथळू द्या, त्यातही बरंच असतं. गटारात, मातीत, झाडाच्या बुंध्याशी ओतायचं नाही, वाळवी मरते म्हणून लाकडाला फासायचं हेही नाही. तेलकट फडकी ढीग करून कोपऱ्यात टाकू नका, बंद झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

पॉवर स्टीअरिंगच्या गळतीचे बरेच प्रश्न राहिलेत, ते पुढच्या वेळी घेतो. तोवर ज्यांचं स्टीअरिंग वळवताना कण्हतंय त्यांनी आत्ताच डब्यातली पातळी बघा, आणि रॅकच्या, म्हणजे चाकं वळवणाऱ्या आडव्या दांड्याच्या, दोन्ही टोकांचे रबरी बूट बोटांनी दाबून आत ओलं लागतंय का ते लिहून कळवा.